रिंगखालचे दोघे

१ एप्रिल २०१७ ची रात्र. ॲरिझोना राज्यातल्या ग्लेनडेलमध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना संपत आला होता आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ ओरेगनपेक्षा एका गुणानं पुढे होता, ७७-७६. घड्याळात ५.८ सेकंद उरली होती. फाउल झाला म्हणून केनेडी मीक्स फ्री थ्रोच्या रेषेवर आला. त्या रात्री त्याच्या नावावर २५ गुण आणि १४ रिबाउंड लागले. पण हे दोन्ही फ्री थ्रो चुकले. चेंडू रिंगवरून उसळला आणि थिओ पिन्सननं हात लांबवून तो आपल्याच माणसाकडे मागे ढकलला. पुन्हा फाउल झाला आणि आता जोएल बेरी रेषेवर आला. त्याचेही दोन्ही चुकले. या वेळी चेंडू जिथे पडला तिथे मीक्स उभा होता. त्यानं तो ओढून घेतला, पिन्सनकडे दिला आणि वेळ संपली. लागोपाठ चार फ्री थ्रो चुकवून हा संघ अंतिम सामन्यात गेला.

अनेकांनी याला नशीब म्हटलं. मला ते पटलं नाही. दोनच दिवसांनी गोन्झागाविरुद्ध अंतिम सामना झाला, त्याचा हिशेब मांडून पाहा. तीन गुणांच्या रेषेबाहेरून नॉर्थ कॅरोलायनानं २७ शॉट घेतले, ४ पडले. त्यांचा भरवशाचा नेमबाज जस्टिन जॅक्सन याचे ९ पैकी ९ चुकले. गोन्झागाचे बाहेरून ८ पडले आणि फ्री थ्रोही २ जास्त पडले. या दोन खात्यांत नॉर्थ कॅरोलायना १४ गुणांनी मागे होती. तरीही सामना ७१-६५ असा तिनेच जिंकला. रेषेच्या आतून तिनं २२ बास्केट केली आणि गोन्झागाला १२ च करू दिली. आतल्या खात्यावर २० गुणांची आघाडी मिळाली आणि तिनं बाहेरची सगळी तूट भरून काढली.

हा संघ सुरुवातीच्या पाचांत दोन पोस्ट, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू, उतरवत असे. मीक्स ६ फूट १० इंच, आयझाया हिक्स ६ फूट ९ इंच. एकविसाव्या शतकाचं दुसरं दशक संपत आलं असताना असा संघ काढणं जुनाट समजलं जात होतं. रिंगखाली एकच उंच माणूस ठेवावा आणि बाकी चौघांनी रेषेबाहेर पसरून नेम धरावा, हा त्या काळचा मंत्र होता आणि आजही आहे. दोन पोस्ट म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

माझं म्हणणं असं की अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये दोन दमदार पोस्ट खेळाडू असलेल्या संघाचं आक्रमण आजही उत्तम चालू शकतं. पण ते चालतं की अडतं हे त्या दोघांच्या उंचीवर किंवा ताकदीवर ठरत नाही. त्या दोघांमध्ये किती अंतर आहे आणि ते अंतर पासनं जोडलं जातं का, यावर ते ठरतं. दुसरी गोष्ट अशी की अशा जोडीची खरी कमाई त्यांच्या स्वतःच्या गुणांच्या रकान्यात शोधू नये. ती बाकीच्यांच्या चुकलेल्या शॉटमध्ये, समोरच्यांच्या फाउलमध्ये आणि उघड्या पडलेल्या कोपऱ्यांमध्ये दिसते.

हे मी प्रेक्षक म्हणून शिकलो नाही. नव्वदच्या दशकात नागपुरात कॉलेजच्या संघातून मी पोस्ट खेळलो. ज्यानं ही जागा खेळलेली नाही त्याला ती सोपी वाटते. उंच आहेस, रिंगखाली उभा राहा, चेंडू येईल तो टाक. प्रत्यक्षात चेंडू येण्याआधीच अर्धी लढाई होऊन गेलेली असते. पाठीवर रक्षकाचा कोपर ते मनगट एवढा हात रुतलेला असतो. त्याचं वजन कोणत्या बाजूला आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, पाठीला कळतं. ज्या बाजूला त्यानं रेटा दिला तिथे आपणही रेटून त्याला अडकवायचं, मागच्या पायानं त्याचा पाय रोखायचा आणि दुसऱ्या बाजूचा पंजा उघडा करून पासरला दाखवायचा. ही खूण दीड-दोन सेकंदच टिकते. तेवढ्यात पास आला तर एका पावलात रिंग. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून कुस्ती. पोस्टचं निम्मं काम त्याच्या स्वतःच्या अंगात असतं आणि निम्मं पास देणाऱ्याच्या धीरात.

आमच्या संघात आम्ही दोघे उंच होतो. प्रशिक्षकांनी आम्हाला पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या, दोन कडांना दोन खांबांसारखं उभं केलं. पहिल्या सामन्यात मजा आली, कारण समोरचे बुटके होते. पुढच्या सामन्यात समोरच्या प्रशिक्षकांनी काय करायचं ते बरोबर ओळखलं. चेंडू माझ्याकडे आला की माझ्या जोडीदाराचा रक्षक फक्त दोन पावलं सरकायचा आणि माझ्यावर दोघे चढायचे. जोडीदार मोकळा असायचा, पण तोही रिंगच्या इतका जवळ की मधे चार हात आणि एक बोर्ड. पास जायला वाटच नव्हती. आम्ही एकमेकांना मदत करत नव्हतो, एकमेकांचे रक्षक एकमेकांच्या अंगावर आणत होतो. तो मोसम आमच्या हातून गेला आणि त्याचं दुःख मला बरीच वर्षं होतं. पण एक गोष्ट तेव्हाच मनात पक्की झाली: दोन उंच माणसं म्हणजे आपोआप दुप्पट ताकद नव्हे.

आणखी एक फरक सांगायला हवा, कारण त्यावर पुढचा युक्तिवाद उभा आहे. तेव्हा आपल्याकडचं पेंट समलंब चौकोनी होतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते तळाशी ६ मीटर रुंद असे, म्हणजे पोस्टला रिंगच्या मध्यापासून ३ मीटर दूर जागा धरावी लागे. २०१० मध्ये ते आयताकृती झालं आणि रुंदी ४.९ मीटरवर आली. अमेरिकन कॉलेजात मात्र पेंट १२ फूट, म्हणजे जेमतेम ३.६६ मीटर रुंद आहे. तिथला पोस्ट रिंगच्या मध्यापासून १.८३ मीटरवर तळ ठोकू शकतो. आमच्या काळच्या तुलनेत हा सव्वा मीटरच्या आसपासचा फरक. बाहेरून तो किरकोळ वाटतो. ज्यानं पाठीवर माणूस घेऊन तेवढं अंतर ड्रिबल करत कापलं आहे, त्याला विचारा. एवढ्या एका ड्रिबलमध्ये बाजूचा गार्ड हात घालून चेंडू काढून नेतो. तो ड्रिबलच लागत नसेल तर पोस्ट हा निराळाच प्राणी होतो.

या खेळाच्या नियमांचा इतिहास हा बऱ्याच अंशी उंच माणसांच्या धास्तीचा इतिहास आहे. डीपॉल विद्यापीठाचा जॉर्ज मायकन आणि ओक्लाहोमा ए अँड एमचा बॉब कर्लंड रिंगकडे उतरणारे चेंडू हातानं उडवून लावू लागले, तेव्हा १९४४-४५ च्या मोसमापासून गोलटेंडिंगवर बंदी आली. बिल रसेलच्या सॅन फ्रान्सिस्कोनं १९५५ आणि १९५६ ची विजेतेपदं नेली त्याच सुमारास ६ फुटांचं पेंट १२ फुटांचं झालं. यूसीएलएचा लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, याच्या काळात १९६७-६८ पासून डंकवरच बंदी घातली गेली आणि ती १९७६ पर्यंत उठली नाही. मग १९८५-८६ मध्ये शॉट घेण्यासाठी ४५ सेकंदांचं घड्याळ आलं, ते आज ३० सेकंदांवर आहे. १९८६-८७ मध्ये देशभर तीन गुणांची रेषा आली.

आधीच्या सगळ्या बंद्यांनी पोस्टला थोडं थोडं दूर ढकललं. पण त्याचं मोल खरोखर हललं ते तीन गुणांच्या रेषेनं, कारण तिनं गणितच बदललं. बाहेरून दर तीनपैकी एक शॉट पडला तरी प्रत्येक प्रयत्नाला सरासरी एक गुण मिळतो. आतून तेवढीच कमाई करायची तर दोनपैकी एक पडायला हवा. पाठीवर माणूस घेऊन, हातापायांच्या गर्दीत दोनपैकी एक पाडणारे पोस्ट थोडेच असतात. नेमबाज मात्र प्रत्येक संघात चारपाच सापडतात. त्यामुळे पोस्टकडे चेंडू देणं हा तोट्याचा व्यवहार ठरवला गेला, आणि दोन पोस्ट उतरवणं म्हणजे तोट्याच्या व्यवहारात दुप्पट भांडवल घालणं.

हा आक्षेप पोकळ नाही. २०१९-२० पासून कॉलेजची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय ६.७५ मीटरच्या बरोबरीची झाली, तरीही बाहेरच्या शॉटचं वेड ओसरलं नाही. माझा विरोध गणिताला नाही, त्या गणितातल्या गळतीला आहे. ते फक्त पहिला शॉट मोजतं. तो चुकल्यावर काय होतं, तो घेताना कोणी फाउल केला, आणि तो मिळाला कसा, हे त्यात येत नाही. पोस्टची बरीचशी कमाई याच तीन ठिकाणी असते.

पहिलं ठिकाण रिबाउंड. समजा एका सामन्यात संघाचे ३५ शॉट चुकतात. त्यातले ३० टक्के त्यानं स्वतः परत मिळवले तर साधारण १० नव्या संधी. ४० टक्के मिळवले तर १४. या चार जादा संधींतून प्रत्येकी एक गुण धरला तरी चार गुण. आता नॉर्थ कॅरोलायनाचे २०१७ मधले शेवटचे तीन सामने आठवा. केंटकीला ७५-७३, ओरेगनला ७७-७६, गोन्झागाला ७१-६५. तिन्ही मिळून फरक ९ गुणांचा. त्या मोसमात स्वतःचे चुकलेले शॉट परत मिळवण्यात हा संघ देशात पहिला होता. ही संधींची भर काढून टाकली तर ते विजेतेपद उभं राहत नाही, असं मला वाटतं. आणि ही भर दोन पोस्टमुळेच शक्य होते. एकाच्या अंगावर बचावाचे दोघे जातात, तेव्हा दुसऱ्याला अडवायला बुटका गार्ड उरतो. चुकलेला चेंडू बहुतेक वेळा शॉटच्या पलीकडच्या बाजूला पडतो आणि तिथे दुसरा उभा असतो.

दुसरं ठिकाण फाउल. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा आणि खेळाडूला पाचव्या फाउलला बाहेर जावं लागतं. व्यावसायिक एनबीएत ४८ मिनिटं आणि सहा फाउल. शिवाय प्रत्येक अर्ध्यात समोरच्या संघाचा सातवा फाउल झाला की एक फ्री थ्रो आणि तो पडला तर दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन. दोन पोस्ट सतत रेटत राहिले की समोरचे उंच खेळाडू लवकर बाकावर जाऊन बसतात आणि उरलेल्या खेळात मार देण्याऐवजी हात आखडतात. त्या अंतिम सामन्यात मिळून ४४ फाउल झाले. गोन्झागाचा ७ फुटी झॅक कॉलिन्स पाचव्या फाउलवर बाहेर गेला. शेवटच्या काही मिनिटांत तो कोर्टवर नव्हता, मीक्स आणि हिक्स होते.

तिसरं ठिकाण, शॉट मिळाला कसा. पोस्टकडे चेंडू गेला की पाच रक्षकांचे दहा डोळे रिंगकडे वळतात. त्या क्षणी बाहेर परत आलेला पास आणि बाहेरच्या बाहेर फिरलेला पास यांत फरक असतो. पहिल्यात नेमबाजाचा रक्षक तोंड वळवून धावत येतो, दुसऱ्यात तो समोर उभा असतो. ज्यानं हे घडवलं त्याच्या नावावर मात्र काहीच लागत नाही.

आता या नाण्याची दुसरी बाजू. एनबीएत बचावपटूला कोणाला अडवत नसताना पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. कॉलेजात असा नियमच नाही. तिथे मदतीला येणारा रक्षक रिंगखाली मुक्काम ठोकू शकतो. जे अरुंद पेंट पोस्टला रिंगजवळ आणतं, त्याच पेंटमध्ये त्याच्याभोवती गर्दीही सहज जमते. म्हणून कॉलेजात दोन पोस्टचा खेळ सर्वांत फलदायी असू शकतो आणि सर्वांत गुदमरलेलाही. फरक संघाच्या रचनेत असतो. नागपुरात आमचं जे झालं ते मोठ्या मोठ्या संघांचंही झालं आहे.

जॉर्जटाउनचं उदाहरण घ्या. जॉन थॉम्पसन यांच्या हाताखाली अलोन्झो मोर्निंग आणि ७ फूट २ इंचांचा काँगोचा डिकेंबे मुतोम्बो एकत्र खेळत होते. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. कॉलेजच्या संघात एकाच वेळी अशी जोडी क्वचितच आली असेल. रिंगजवळ शॉट घेणाऱ्याला धडकी भरावी असा त्यांचा बचाव. पण १९९० मध्ये झेव्हियरकडून आणि १९९१ मध्ये यूएनएलव्हीकडून हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत हरला. दोघांची ताकद एकाच जागी, रिंगखाली, होती आणि त्यांच्याभोवतीची गर्दी पांगवणारे नेमबाज पुरेसे नव्हते. बचावात जी भिंत अभेद्य होती तीच आक्रमणात स्वतःच्या संघाला आडवी आली.

दुसरा धडा केंटकीचा, २०१५ चा. कार्ल-अँथनी टाउन्स आणि ७ फुटी विली कॉली-स्टाइन, शिवाय बाकावर आणखी उंच खेळाडू. ३८ सामने खेळले आणि ३८ जिंकले. नोट्र डेमविरुद्धचा सामना ६८-६६ असा कसाबसा सुटला, तोही टाउन्सच्या २५ गुणांवर. मग उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनशी गाठ पडली. शेवटच्या मिनिटांत केंटकीचे गार्ड बाहेर ड्रिबल करत राहिले आणि लागोपाठ तीन वेळा घड्याळ संपलं तरी शॉट गेला नाही. सामना ७१-६४ असा हातचा गेला. रिंगखाली देशातली सर्वोत्तम जोडी उभी असताना चेंडू तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मी मघाशी म्हटलं की पोस्टचं निम्मं काम पास देणाऱ्याच्या धीरात असतं, त्याचा याहून कडू पुरावा मला माहीत नाही. पंजा उघडा दिसतोय आणि दीड सेकंदात पास द्यायचाय, हे काही उपजत येत नाही. ते रोजच्या सरावात रुजवावं लागतं, आणि गार्डच्या मनात हे बसवावं लागतं की चेंडू आत दिला तर आपला खेळ संपत नाही, तिथूनच सुरू होतो.

पर्ड्यू विद्यापीठानं तिसरी वाट धरली. २०२१-२२ मध्ये प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्याकडे टोरंटोचा ७ फूट ४ इंचांचा झॅक एडी होता आणि पास देण्यात तरबेज असलेला ट्रेव्हियन विल्यम्सही. पेंटरनी दोघांना बहुतेक आळीपाळीनं खेळवलं. एडी सामन्याला सरासरी १९ मिनिटं खेळून १४ हून जास्त गुण करत होता. गर्दीचा प्रश्न सुटला, दोघेही ताजेतवाने राहिले, फाउलची भीती कमी झाली. देशातल्या सर्वोत्तम आक्रमणांत त्या संघाची गणना झाली. हा विचार मला आदराचा वाटतो, कारण तो अंतराचाच विचार आहे. फक्त अंतर जागेचं न ठेवता वेळेचं ठेवलं. पण त्यातून एक गोष्ट हातची जाते. विल्यम्सचा पास एडीच्या उघड्या पंजात पडण्याची वेळ फारशी येतच नाही. दोघे एकमेकांची जागा घेतात, एकमेकांना चेंडू देत नाहीत. त्या वर्षी १५ वं मानांकन असलेल्या सेंट पीटर्सनं पर्ड्यूला ६७-६४ असं हरवलं. एका पराभवावरून पद्धत खोटी ठरवणं अन्यायाचं होईल. पण आळीपाळीच्या रचनेत जोडी असूनही जोडी नसते, हे नाकारता येत नाही.

पुढे २०२४ मध्ये पर्ड्यूनं एडीभोवती नेमबाज उभे केले आणि थेट अंतिम सामना गाठला. माझ्या विरोधातला हा सर्वांत भक्कम दाखला आहे आणि तो मी टाळणार नाही. एका पोस्टनंही संघ शिखराच्या पायरीपर्यंत जातो. पण त्या शेवटच्या पायरीवर काय झालं? कनेक्टिकटनं एडीवर दुसरा माणूस पाठवायचं जवळपास सोडूनच दिलं. ७ फूट २ इंचांच्या डोनोव्हन क्लिंगनला त्याच्यासमोर ठेवलं आणि बाकीच्यांनी नेमबाजांना क्षणभरही मोकळं सोडलं नाही. एडीनं ३७ गुण केले. पर्ड्यूला बाहेरून फक्त ७ शॉट मिळाले, त्यातला १ पडला. सामना ७५-६० असा गेला. एडीच्या शेजारी सुरुवातीला दुसरा धिप्पाड खेळाडू उतरत असे, पण आक्रमणाचा भार त्याच्यावर नव्हता. म्हणून बचावाला एकच निर्णय घ्यावा लागला: याला दोन-दोन गुण घेऊ द्या, बाकी दारं बंद करा. दोन खऱ्या पोस्टसमोर हा निर्णय एवढा सोपा राहत नाही. एकाला एकट्यावर सोडलं तर दुसरं दार उघडं राहतं, आणि ते रिंगपासून दोन मीटरवर असतं.

मग अशी जोडी मिळालेल्या प्रशिक्षकानं करायचं काय? त्यानं आधी पाहावं ते हे की दोघांपैकी पास कोणाला दिसतो. उंची, वजन, उडी हे सगळं नंतर. ज्याला पास दिसतो त्याला रिंगखालून काढून फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी आणावं. आता दुसऱ्याच्या पाठीवरचा रक्षक पेचात पडतो. तो मागे राहिला तर वरून थेट पास येतो आणि पोस्ट वळून टाकतो. तो चेंडू अडवायला पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून, बोर्डच्या बाजूनं, चेंडू मागे पडतो आणि पोस्टला फक्त हात वर करायचा असतो. हा वरून खालचा पास मी जेव्हा जेव्हा नीट दिलेला पाहतो, तेव्हा मला कबड्डीतली कोपऱ्यांची जोडी आठवते. डावा कोपरा चढाईपटूच्या घोट्यावर झेपावतो तेव्हा उजव्या कोपऱ्यानंही तिकडेच झेपावायचं नसतं, त्यानं सुटकेची वाट धरून ठेवायची असते. दोघे एकाच वेळी एकाच जागी गेले की मागे भगदाड पडतं. पोस्टच्या जोडीचंही असंच आहे. एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं त्या ओढीनं मोकळी झालेली जागा घ्यायची.

दुसरं काम धावण्याचं. नॉर्थ कॅरोलायनात प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांचा आग्रह असे की उंच खेळाडूंनीही रिबाउंड मिळताच समोरच्या रिंगकडे सुसाट धावावं. बचावाची गर्दी जमायला चारपाच सेकंद लागतात. पोस्ट त्याआधी पोचला तर त्याला कुस्ती खेळावीच लागत नाही. जो प्रशिक्षक दोन उंच खेळाडू असल्यानं संघाला संथ करतो, तो समोरच्यांना गर्दी जमवायला स्वतःहून वेळ देतो.

तिसरं काम दोन्ही बाजूंचा ताळेबंद ठेवण्याचं. २०१८ मध्ये ड्यूककडे मार्विन बॅगली आणि वेंडेल कार्टर होते. बॅगली सामन्याला सरासरी २१ गुण करत होता आणि आक्रमणाची कुठेच तक्रार नव्हती. पण चपळ गार्डांमागे धावायचं म्हटलं की जोडी अडखळे, म्हणून ड्यूकला बचावात झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याचा डाव, पत्करावा लागला. कॅन्ससनं जादा वेळेत ८५-८१ असं हरवलं आणि जादा वेळेतले कॅन्ससचे सगळे १३ गुण मलिक न्यूमन या एका गार्डनं केले. आतून कमावलेलं बाहेर गमावायचं नसेल तर दोघांपैकी एकाला तरी बाहेर पाय हलवता यायला हवेत. हा खर्च मान्य करूनच मी जोडीची बाजू घेतो आहे.

मला ही जोडी एवढी महत्त्वाची का वाटते याचं कारण फक्त गुणफलकात नाही. आपल्याकडे शाळेत उंच मुलगा किंवा मुलगी दिसली की तिला रिंगखाली उभं करतात आणि तिथेच सोडून देतात. तिला पास द्यायला, बाहेरून टाकायला, पाय हलवायला कोणी शिकवत नाही, कारण उंची हेच तिचं काम समजलं जातं. पुढे दुसरी उंच मुलगी संघात आली की पहिलीची जागा धोक्यात आली असं दोघींनाही वाटतं. एका म्यानात दोन तलवारी ही म्हण तिथे मनात रुजते. पण कोर्ट म्हणजे म्यान नव्हे. म्यानात तलवार नुसती ठेवलेली असते आणि कोर्टावर माणूस हलतो, पाहतो, दुसऱ्यासाठी जागा करतो. दुसऱ्या उंच खेळाडूला स्पर्धक मानायचं की आपल्या पासचं टोक, हे शिकवण्यावर ठरतं.

हिक्सकडे पाहा. ओरेगनविरुद्ध त्यानं १२ शॉट घेतले आणि एकच पडला. नुसता आकडा वाचणाऱ्यानं त्याला अंतिम सामन्यात बाकावर बसवलं असतं. प्रशिक्षक रॉय विल्यम्सनी त्याला मीक्सशेजारी उतरवलं. हिक्सनं १३ गुण केले आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात, संघ एका गुणानं पुढे असताना, आत घुसून त्यानं जो शॉट पाडला त्यानं आघाडी तीन गुणांची झाली. पुढच्याच चढाईत गोन्झागाच्या नायजेल विल्यम्स-गॉसचा शॉट मीक्सनं अडवला, चेंडू पुढे धावला आणि जॅक्सननं डंक मारला. ९ च्या ९ चुकवलेल्या जॅक्सनचाच तो डंक. एकानं आत बास्केट केली, दुसऱ्यानं आत शॉट रोखला आणि बाहेरच्या माणसाला मोकळं मैदान मिळालं. सबंध मोसमाची रचना त्या अर्ध्या मिनिटात उतरली होती.

म्हणून ज्या कॉलेजच्या संघाला या मोसमात दोन तगडे पोस्ट मिळाले असतील, त्याच्या आक्रमणाबद्दल मी आशावादी आहे. अट एवढीच की सरावाच्या पहिल्या आठवड्यात त्या दोघांना रिंगवर शॉट मारायला लावण्याआधी एकमेकांना पास द्यायला लावा. एक फ्री थ्रोच्या रेषेशी, एक रिंगखाली, मधे रक्षक. वरच्यानं खालच्याच्या पाठीकडे नव्हे, उघड्या पंजाकडे पाहायचं. तो पंजा दिसायला लागला आणि दीड सेकंदाच्या आत चेंडू त्यात पडायला लागला, की मग गार्डांनाही आत पास द्यायची भीती वाटत नाही, नेमबाजांनाही चुकायची भीती वाटत नाही. चार फ्री थ्रो चुकले तरी चेंडू आपल्याच माणसाच्या हातात येईल, हा भरवसा ओरेगनविरुद्धच्या शेवटच्या पाच सेकंदांत तयार झाला नव्हता. तो रोजच्या सरावात, एकाच्या चुकीमागे दुसऱ्यानं धावण्याच्या सवयीतून, आधीच तयार झाला होता.